रविवारचं भाडं

"मी तुला भाडं आणायला पाठवलं होतं, कासिमिरा. भाडं!"

"ओरडू नकोस. पलीकडे नवीन बाई आलीय, भिंत पातळ आहे."

"ऐकू दे तिला. कोणाच्या घरात राहायला आलीय ते कळू दे. त्या शिंप्याचं तीन महिन्यांचं थकलंय. तू गेलीस रिकाम्या हाताने, आणि आलीस..."

"रिकाम्या हातानेच आले."

"रिकाम्या हाताने आली असतीस तर मी गप्प बसलो असतो. तू वर पन्नास देऊन आलीस!"

"पोराचं जावळ काढायचंय. धर्मआई म्हणून मला बोलावलं. पहिली कात्री धर्मआईची, ताटलीत पहिली नोटही तिचीच. मग मी काय, शर्टाचं बटण टाकू?"

"नाही म्हणायला काय झालं होतं?"

"जावळाला कोणी नाही म्हणतं का? तू म्हणून दाखव. आत्ता जा, म्हणून ये."

भिंतीपलीकडे खाट करकरली. मग निकानोर, म्हणजे आमचा घरमालक, पडेल आवाजात म्हणाला, "म्हणजे आता तो शिंपी तुझा कोम्पाद्रे झाला. आता त्याला मरेपर्यंत बाहेर काढता येत नाही."

"नाही येत," दोन्या कासिमिरा म्हणाली. (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.) मला वाटलं, ती हसत होती.

त्या घरात माझा तो तिसरा दिवस. पाठीला ग्रोव्हर बांधलेला, पुढ्यात भांड्यांचं बोचकं अर्धं सोडलेलं. भिंत मातीची, आणि एका कोपऱ्यात तिला एवढी भेग की त्यांच्याकडे कांदा चिरला तर माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मी हातातलं पातेलं खाली न ठेवता उभीच राहिले. या घरात भाडं थकलं तर काय करायचं, ते मला कोणी न सांगता कळलं होतं.

आमच्या कोचाबाम्बात जो तुमच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहतो किंवा जावळाला पहिली कात्री लावतो, तो तुमचा कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे, आणि तुम्हीही त्यांचे तेच. सख्ख्या बहिणीशी भांडलं तर लोक समजून घेतात, कोमाद्रेशी भांडलं तर देवळात मागच्या बाकावर बसावं लागतं. आणि कोमाद्रेला घराबाहेर काढणं, ते तर कोणी करतच नाही. माझं दोन महिन्यांचं थकलं तेव्हा मीही ग्रोव्हरला नवं टोपडं घालून तिच्या दारात गेले. "दोन्या कासिमिरा, पोराचा बाप्तिस्मा करायचाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भेगेच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तिथे कपाट लावायला हवं होतं," एवढंच म्हणाली. आणि हो म्हणाली.

पुढे निकानोर गेला. केळी आणायला ट्रक घेऊन खाली चापारेच्या घाटाला लागला होता, ट्रकही परत आला नाही. तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. रस्त्याच्या बाजूला तिच्या दोन चांगल्या खोल्या, मागे अंगण, अंगणाभोवती भाड्याची पाच दारं, मध्ये एक नळ आणि धुण्याचा दगड. मुलगा लिम्बर्ट तेव्हा शाळेत होता.

तिने पहिली गोष्ट केली ती ही, की महिन्याचं भाडं बंद करून आठवड्याचं केलं. लोक हसले. म्हणाले, म्हातारी भीक मागितल्यासारखी चिल्लर गोळा करते. (म्हातारी कसली, तेव्हा चाळिशीतली होती.) पण तिचं बरोबर होतं. महिनाअखेरीला आमच्यातल्या कोणाकडेच काही नसायचं. शनिवारी मोठा बाजार भरतो, शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या कनवटीला थोडंफार असतं आणि रविवारी दुपारपर्यंत ते कुठे गेलं ते कळत नाही. म्हणून ती रविवारी सकाळी, प्रार्थनेहून परत आली की थेट अंगणात. डोक्यावर आमच्या खोऱ्यातल्या बायका घालतात ती पांढरी उंच टोपी, खाली घेरदार परकर, दोन वेण्या. नळापासून सुरुवात आणि मग ओळीने पाचही दारं.

तिला लिहिता येत नव्हतं. कोणाचे किती थकले, सगळं त्या टोपीखाली. टोपीवरून आम्हाला तिचा इरादाही कळायचा. दारात उभी राहून टोपी डोक्यावरच ठेवली तर पैसे घेऊन जाणार. आत येऊन टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, की समजायचं, आज घासाघीस आहे.

शिंप्याकडची घासाघीस ऐकायला मी मुद्दाम नळावर जात असे. मास्तर एपिफानियो गणवेश शिवायचा. मशीनवरून मान वर न करता बोलायचा.

"कोम्पाद्रे, किती आहेत?"

"चाळीस."

"साठ म्हणा."

"साठ म्हणतो, कोमाद्रे. पण आहेत चाळीस."

"मग चाळीस द्या, आणि उरलेले वीस आठवडाभर म्हणत राहा. विसरू नका."

"झोपेतसुद्धा म्हणेन."

"झोपेत नको, बायको घाबरेल."

असं चालायचं. कोणाला तिने हाकललं नाही. पण फुकटही कोणाला राहू दिलं नाही. काही नसेल तर दोन अंडी घेईल, परकराची शिवण उसवली असेल ती घालून घेईल, माझ्याकडून जांभळ्या मक्याची आपी पेलाभर पिऊन जाईल. मी पहाटे बाजाराच्या तोंडाशी आपी आणि चीजचे तळलेले पास्तेल विकते. "दालचिनी जास्त झाली," हे ती तीस वर्षं म्हणाली आणि तीस वर्षं पेला रिकामा करून गेली.

धर्मआई किती जणांची झाली? आम्ही एकदा मोजायला बसलो आणि तेवीसवर सोडून दिलं. बाप्तिस्मे, जावळं, शाळा संपल्याचे समारंभ, लग्नाच्या केकची धर्मआई, लग्नाच्या अंगठ्यांची धर्मआई. मधल्या दारातल्या निल्दाच्या नवऱ्याने जुनी मिनीबस घेतली, त्या मिनीबसचीसुद्धा धर्मआई. तिने चाकांवर चिचा, म्हणजे मक्याची दारू, शिंपडली, कागदी माळा बांधल्या आणि आरशाला शंभराची नोट अडकवली. पुढे नवऱ्याने मिनीबस विकली आणि तो कामासाठी चिलीला गेला. पहिले चार महिने पैसे आले. "मी त्या बसची आई झाले, ती विकली तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही," दोन्या कासिमिरा म्हणायची.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला बरं वाटत नाही. इतकी सगळ्यांची कोमाद्रे, पण तिला कोणी जेवायला बसवलं नाही. म्हणजे समारंभाला बोलवायचो, तिथे मानाची खुर्ची, मोठी ताटली. पण एरवी, साध्या दिवशी, भाताचं पातेलं उतरलंय आणि बाई दारात उभी आहे, तर "बसा, जेवून जा" म्हणायला जीभ उचलायची नाही. मागच्या आठवड्याचे वीस थकलेले असतात. ते मध्येच बसलेले असतात. जेवायला बसवलं तर म्हणेल, मांस घ्यायला पैसे आहेत. नुसत्या बटाट्यावर बसवलं तर म्हणेल, रडगाणं दाखवतेय. ती यातलं काही म्हणाली नसती. पण ज्याचं काही थकलेलं नाही असं दार त्या अंगणात नव्हतं. त्यामुळे ती पाचही दारांत पेलाभर काहीतरी पिऊन पुढच्या खोल्यांत जायची आणि एकटी जेवायची. बशीवर चमचा आपटल्याचा आवाज भेगेतून यायचा. एकच चमचा.

लिम्बर्ट मोठा झाला, सव्विसाव्या वर्षी स्पेनला गेला. दोन वर्षांसाठी म्हणून गेला. तिकडे भाज्यांच्या शेतात, मग बांधकामावर, मग लग्न, दोन मुली, बँकेच्या कर्जावर घर. आईला रविवारी दुपारी फोन करायचा. ती सगळी दारं आटपून फोनजवळ बसायची, आणि त्याला सांगायची ते आमचंच. शिंप्याचा गुडघा दुखतो, निल्दाच्या मधल्या पोरीला दात आला. तो मध्येच विचारायचा, "किती जमले?" ती जरा वाढवूनच सांगायची.

ज्या वर्षीचं सांगायचंय, ते आम्हा सगळ्यांनाच वाईट गेलं. बाहेरून तयार गणवेशांचे गठ्ठे यायला लागले, मास्तरचं मशीन दोन दोन दिवस झाकलेलं. तेल आणि साखर अशी चढली की मी पास्तेल लहान केले आणि गिऱ्हाइकं तोंडावर हसली. निल्दाकडे तर चिलीहून नऊ महिने काहीच नव्हतं, आणि पदरात तीन पोरी.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दोन्या कासिमिरा नळापासून सुरुवात न करता आधी माझ्या दारात आली. आत आली, बसली आणि विचारायच्या आधीच टोपी काढली.

"कोमाद्रे, लिम्बर्टचं काम गेलं. बँक घर नेतेय."

"अरे देवा. आणि पोरी?"

"म्हणून तर. त्याने एक माणूस शोधलाय इथला. बादल्या, टब, प्लास्टिकचा घाऊक माल. त्याला गोदामासाठी अख्खं घर हवंय. तीस हजार डॉलर ठेव देतो म्हणतो."

हा व्यवहार आमच्याकडे सर्रास चालतो. भाडं काही नाही, एकदम मोठी ठेव मालकाच्या हातात ठेवायची, दोन वर्षं राहायचं, आणि निघताना ठेव जशीच्या तशी परत घ्यायची. घेताना मालकाच्या दारात बँडबाजा. परत देताना मालकाला रात्रंदिवस घाम. अर्धं शहर एकाची ठेव दुसऱ्याच्या ठेवीने फेडतंय.

"अख्खं घर," मी म्हणाले.

"रिकामं. नोव्हेंबरातल्या संतांच्या सणापर्यंत. लिम्बर्ट म्हणतो, आजच सगळ्यांना सांग." तिने टोपी फिरवली. "तुमच्यापासून सुरुवात केली. सांगितलं."

"मग आता मी काय म्हणू?"

"काही म्हणू नका. पेला भरा."

मी पेला भरला. तिने तो रिकामा केला आणि दालचिनीबद्दल काही बोलली नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की चूल, दोन मोठी पातेली, ग्रोव्हरचा जुना पलंग, आणि मी, रस्त्यावर. पासष्टीची बाई. पहाटे तीनला चूल पेटवणारी भाडेकरीण कोणाला हवी असते?

ती उठून शिंप्याकडे गेली. तिकडे तासभर तरी बसणार, मला माहीत होतं. मी शाल ओढली आणि निल्दाच्या दारात पोचले.

"ऐक," मी म्हणाले. "ती येतेय. घर खाली करायला सांगणार आहे. तिने तोंड उघडायच्या आधी तू उघड. मेल्वीचं जावळ काढायचंय म्हण. धर्मआई व्हा म्हण."

निल्दाची धाकटी मेल्वी तीन वर्षांची, केस खांद्याच्या खाली आलेले. निल्दा माझ्याकडे बघत राहिली. "पण जावळाला आलेल्यांना खायला काय घालू? माझ्याकडे पीठसुद्धा नाही."

"ते मग बघू. आधी छप्पर."

मी धुण्याच्या दगडावर जाऊन बसले आणि एक फडकं घासायला लागले. दोन्या कासिमिरा शिंप्याकडून निघाली. त्याला सांगितलं की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. निल्दाच्या दारात उभी राहिली.

"पोरी, आत येऊ? मला बोलायचंय."

"आधी मी बोलते, दोन्या कासिमिरा. मेल्वीचं जावळ काढायचं मनात आहे. तुम्ही धर्मआई व्हाल का?"

दोन्या कासिमिराने टोपी सारखी केली.

"कधी काढायचंय?"

"तसं... तारीख नाही ठरवली."

"नाही ठरवलीस, कारण जावळच आत्ता ठरलंय. कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही."

"आपीवालीने शिकवलं. ती बघ, धुणं धुतेय. नळ बंद आहे."

मी नळ सोडला. आता सोडून काय उपयोग होता.

निल्दा रडायला लागली. मोठ्याने नाही, पोरींना कळू नये असं. दोन्या कासिमिराने टोपी काढली आणि उंबऱ्यावरच बसली, इतकी खाली की घेर सगळा धुळीत.

"नवऱ्याने किती महिने काही पाठवलं नाही?"

"नऊ."

"माझ्या मुलाने मागितलंय. तुझ्याकडे येत नाही आणि माझ्याकडून जातंय. आपण दोघी सारख्याच." मग म्हणाली, "भाडं किती देऊ शकतेस? खरं सांग, जावळ मध्ये आणू नकोस."

"आठवड्याला वीस. कधी पंधरा."

"पंधरा म्हण. वीस म्हणालीस की पुढच्या रविवारी तोंड लपवशील आणि मला बंद दाराशी बोलावं लागेल. मला बंद दाराशी बोलायला आवडत नाही. पंधरा, पण दार उघडायचं."

"उघडेन."

"आणि जावळाची तारीख सणानंतरची धर."

"सणानंतरची? पण सणापर्यंत तर..."

"सणानंतरची म्हणाले ना. सणाला तू कुठे असणार आहेस? इथेच."

तिने मेल्वीचे केस हातात धरून पाहिले, गुंता सोडवला, टोपी घातली आणि उरलेल्या दोन दारांत गेली. तिथे तिने नेहमीसारखं भाडं मागितलं आणि नेहमीसारखं अर्धं घेऊन आली.

दुपारी फोन वाजला. ती फोनवर ओरडून बोलायची, स्पेन लांब आहे म्हणून. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं, पण तेवढं पुरे होतं.

"नाही, लिम्बर्ट. सांगितलं नाही... नाही सांगणार... पुढच्या दोन खोल्या देते, माझ्या. रस्त्याचं दार आहे, त्याला मालाला बरं पडेल... नऊ हजार म्हणतो. मी आत्ताच विचारून आले... मी नळाजवळच्या खोलीत राहीन, जिथे लाकडं ठेवतो... अरे, मला किती जागा लागते?... ते माझे कोम्पाद्रे आहेत. पाचही दारं... हो, तू माझा मुलगा आहेस, माहीत आहे मला. मी तुला कुठे काय विचारतेय?... लिम्बर्ट? लिम्बर्ट?"

 फोन कानालाच असावा, कारण खाली ठेवल्याचा आवाज आला नाही.

सणाच्या आधी सेन्योर ओव्हिदियो, तो बादल्यांचा व्यापारी, पुढच्या खोल्यांत आला. माणूस वाईट नव्हता, हिशोबी होता. कागद झाला, नऊ हजार मोजून दिले, ते जसेच्या तसे स्पेनला गेले. लाकडाच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी मिळून चुना मारला. मास्तरने पडदा शिवून दिला. तिचा पलंग आत गेला तर दार पूर्ण उघडेना, म्हणून मास्तरने पलंगाचे पाय दोन बोटं कापले, तरी उघडेना. पाय उगाच कापले गेले. ती म्हणाली, "असू दे, आता पडले तरी लांब पडणार नाही."

नऊ हजारांनी लिम्बर्टचं घर वाचलं नाही. थोडं पुढे ढकललं गेलं. पोचल्याचा फोन त्याने केला. पुढचा महिन्याने. मग सणासुदीला. रविवारी दुपारी ती फोन परकराच्या खिशात ठेवून अंगणात खुर्ची टाकून बसायची, कारण त्या खोलीत फोनला आवाज नीट यायचा नाही म्हणे. आम्ही येता-जाता विचारायचो, "आला का फोन?" पहिले काही रविवार विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. मग तिने खुर्चीही बाहेर काढायचं सोडून दिलं.

मेल्वीचं जावळ झालं. पीठ माझं, तेल माझं, ती शिक्षा मी स्वतःच घेतली. पहिली बट धर्मआईने कापली, ताटलीत पन्नास ठेवले. ते पन्नास निल्दाने पुढच्या तीन रविवारी तिलाच भाडं म्हणून परत दिले. दोघींनाही ते माहीत होतं.

मग कार्निव्हलचा मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या घराला चिचा शिंपडायची, दाराला कागदी माळा बांधायच्या, फुलं टाकायची, आणि शेजारपाजारच्यांना पंगतीला बसवायचं. दर वर्षी रस्त्याचं मोठं दार दोन्या कासिमिरा सजवायची. त्या वर्षी मोठं दार ओव्हिदियोचं होतं. त्याने सजवलं, बादल्यांनासुद्धा माळा घातल्या. आम्ही पाचही दारांनी आपापलं केलं. माझ्याकडे ग्रोव्हर बायको घेऊन आला होता. शिंप्याकडे गावाकडची माणसं, मोठमोठ्याने गाणी. मला वाटलं, ती शिंप्याकडे असेल. शिंप्याला वाटलं, माझ्याकडे आहे. निल्दाला वाटलं, ओव्हिदियोने बोलावलं असणार, जुनी मालकीण म्हणून. दिवस कलला तेव्हा मी नळावर पातेलं धुवायला आले, तर तिच्या अर्ध्या उघड्या दारातून ती दिसली. पलंगावर नवा परकर नेसून बसलेली, मांडीवर कागदी माळेचं भेंडोळं, सोडलेलं नाही. एक दार होतं तिला, आणि ते पलंगाला लागत होतं.

"कोमाद्रे, जेवलात?" मी विचारलं.

"हो हो," ती म्हणाली. "किती ठिकाणी जेवायचं माणसाने."

मी पातेलं घेऊन घरात आले. तळाशी मांसाचा रस्सा उरला होता, वाटीभर तरी होता. मी तो ग्रोव्हरच्या बायकोला डब्यात भरून दिला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीपासून तिने भाडं वाढवायचं काढलं. नोव्हेंबरात ओव्हिदियोचे नऊ हजार परत द्यायचे होते, आणि तो आतापासूनच गोडीत आठवण करून देत होता. ती टोपी काढून बसली.

"कोमाद्रे, आठवड्याला पंधरा जास्त."

"पंधरा? मी पास्तेल आणखी लहान केले तर लोक भिंग घेऊन येतील. पाच."

"बरं, पाच."

"पाचाने नऊ हजार डॉलर व्हायला किती वर्षं लागतील, कळतंय ना?"

"ओव्हिदियोकडून हिशोब करून घेतला. एका डॉलरला आपले सात पडतात. पाच दारांचे पाच पाच धरले तर अठ्ठेचाळीस वर्षं." ती एकोणऐंशीची होती. "म्हणून म्हणते, आजच सुरू करू."

ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसू आलं, मग तिलाही. आम्ही दोघी इतक्या हसलो की शिंपी मशीन थांबवून बघायला आला. पाच मात्र मी दिले. बहुतेक रविवारी.

नोव्हेंबर यायच्या आधीच, ऑगस्टात, ती गेली. एका बुधवारी सकाळी नळावर आली नाही; दाराला आतून कडी, त्यात ते पलंगाला लागत असल्यामुळे मास्तरला खिडकी काढावी लागली. तिला पुरलं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी लिम्बर्ट पोचला. त्याने ओव्हिदियोशी आणखी दोन वर्षांचा कागद केला. आम्हालाही राहू दिलं, मला वाटलं होतं तितका तो वाईट निघाला नाही. आता भाडं महिन्याचं आहे आणि ते बँकेच्या खिडकीत भरायचं. थकलं तर स्पेनहून ग्रोव्हरच्या फोनवर निरोप येतो. रविवारी कोणाचं दार वाजत नाही.

पण ते सगळं नंतरचं. बुधवारच्या आधीचा तो रविवार होता. ऑगस्टात आमच्याकडे वारा धूळ घेऊन येतो, सगळ्यांनी दारं लोटून घेतली होती. ती प्रार्थनेहून आली, टोपीवरची धूळ झटकली आणि नळापासून सुरुवात केली. पहिल्या दारात पूर्ण भाडं मिळालं, त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. शिंप्याकडे टोपी काढली.

"किती आहेत, कोम्पाद्रे?"

"तीस. पण पन्नास म्हणतो."

"आज तीसच म्हणा. वारा आहे, जास्त बोलू नका, धूळ जाते तोंडात."

निल्दाने कबूल केल्याप्रमाणे दार उघडलं आणि पंधरा दिले. मेल्वी टोपी मागत होती, तिला क्षणभर घालू दिली. चौथ्या दारात कोणी नव्हतं. मग माझ्याकडे.

माझ्याकडे त्या दिवशी सगळे होते, वरचे पाचसुद्धा, पण मागचे वीस थकलेले. ती बसली. मी पेला दिला. तिने ग्रोव्हरचं विचारलं, त्याच्या बायकोला दिवस गेलेत का ते विचारलं. चुलीवर शेंगदाण्याचं सूप होतं, झाकण हलत होतं, वास घरभर. बसा, जेवून जा, असं मनात आलं. वीस थकले होते. म्हणाले नाही.

"दालचिनी जास्त झाली," ती म्हणाली, पेला पालथा घातला आणि उठली.

मी दारात उभी राहून पाहिलं. खरं तर तिथून तिने आपल्या खोलीत जायला हवं होतं. पण ती दर रविवारी शेवटी एक दार जास्त करायची. अंगण ओलांडून ती पुढच्या खोल्यांकडे गेली आणि तिच्याच जुन्या दारावर दोनदा टकटक केलं. ओव्हिदियो बाहेर आला, हातात जेवणाचा रुमाल.

"सेन्योरा, दर रविवारी सांगतो. मला काही द्यायचं नाहीये. मला घ्यायचंय. नोव्हेंबरात."

"माहीत आहे मला. छत गळतंय का विचारायला आले."

"ऑगस्टात? पाऊस कुठाय?"

"गळत नाही ना मग?"

"नाही गळत."

"बरं झालं. पुढच्या रविवारी विचारेन," ती म्हणाली, टोपी नीट केली, आणि धुळीतून अंगण ओलांडून नळाजवळच्या खोलीत गेली. दार जेवढं उघडत होतं तेवढ्यातून, आडवी होऊन.